बेळगावात दुकानाचं भाडं वाढतंय: मालकाशी बोलायला बसण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. शहापूरच्या खडेबाजारात बारा बाय अठराचं साड्यांचं दुकान. भाडं महिना १४,००० रुपये, डिपॉझिट दीड लाख, दर अकरा महिन्यांनी नवा बॉण्ड, म्हणजे स्टॅम्प पेपरवरचा करार. तीन वर्षं भाडं वाढलेलं नाही. जुने मालक वारले आणि आता पुण्याला असणारा त्यांचा थोरला मुलगा २२,००० मागतोय, जमत नसेल तर दिवाळीनंतर जागा खाली करा म्हणतोय. तुमचे कोल्हापूरचे मेव्हणे सांगतायत की मालकाला वर्षाला चार टक्क्यांच्या वर वाढ करताच येत नाही. मालक पंधरा दिवसांनी बेळगावात येणार आहेत, त्यांच्यासमोर काय बोलायचं, हे तुम्हाला हवंय.

मेव्हण्यांपासून सुरुवात करू. चार टक्क्यांची गोष्ट महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्यातली आहे. तो कायदा महाराष्ट्रापुरता, बेळगावला लागू होत नाही. आपल्याकडचे लोक मराठीत माहिती शोधतात, मराठीत सापडते ती बहुतेक पुण्या-मुंबईची, आणि मग ‘लीव्ह अँड लायसन्स’, ‘चार टक्के’ असले शब्द घेऊन बोलणीला जातात. समोरच्याने वकिलाला विचारलेलं असेल तर पहिल्या पाच मिनिटांत तुमची पत जाते. इथे कर्नाटक भाडे कायदा, १९९९ आहे. तो २००१ च्या ३१ डिसेंबरला अमलात आला आणि त्याने १९६१ चा जुना नियंत्रण कायदा संपवला.

आता दुकानात जा आणि टेप लावा. कर्नाटकचा हा कायदा धंद्याच्या जागेला संरक्षण देतो ते फक्त १४ चौरस मीटरपर्यंतच्या, म्हणजे भिंतींसह साधारण १५० चौरस फुटांच्या जागेला. पानपट्टी, घड्याळ दुरुस्ती, टेलरचा गाळा असल्या जागा त्यात बसतात. शिवाय कायद्याच्या हिशेबाने निघणाऱ्या भाड्यालाही मर्यादा आहे, शहराप्रमाणे महिना ३,५०० किंवा २,०००, आणि तिच्यामुळे चालू भावाच्या बऱ्याच जागा तशाही बाहेर पडतात. तुमचं दुकान आतूनच २१६ चौरस फूट आहे, म्हणजे २० चौरस मीटरच्या आसपास. तुम्ही बाहेर आहात.

मग तुम्हाला लागू होतो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा. त्यात मालकाला कारण द्यावं लागत नाही. ‘मला जागा हवी’ एवढं पुरतं. करार संपल्यावरही त्यांनी भाडं घेणं चालू ठेवलं तर तुम्ही महिनेवारी भाडेकरू होता आणि १५ दिवसांच्या नोटिशीने ते भाडेपट्टा संपवू शकतात. कारखान्याची जागा असेल, उद्यमबागेतली एखादी शेड वगैरे, तर नोटीस सहा महिन्यांची लागते, पण लेखी कराराने वेगळं ठरलं असेल तर तेच चालतं. दुकानाला १५ दिवसच.

पण नोटीस संपली म्हणजे सोळाव्या दिवशी तुमचं सामान रस्त्यावर, असंही नाही. त्यांना दिवाणी कोर्टात दावा लावावा लागतो. कुलूप बदललं, माणसं आणून शटर ओढलं, तर विशिष्ट अनुतोष कायद्याच्या (स्पेसिफिक रिलीफ ॲक्ट) कलम ६ खाली सहा महिन्यांच्या आत दावा करून ताबा परत मागता येतो, आणि तिथे मालकी कुणाची हा प्रश्नही निघत नाही. दावा म्हटला की किती काळ जातो हे बेळगावच्या माणसाला सांगायला नको. थोडक्यात, कायदा तुम्हाला वेळ देतो. तो वेळ फुकट मात्र नसतो. भाडेपट्टा कायदेशीर संपल्यानंतर जितके दिवस तुम्ही बसून राहाल, त्या दिवसांची भरपाई कोर्ट बाजारभावाने लावू शकतं. १४,००० वर अडून बसलेल्या माणसाला शेवटी थकबाकीसह २० च्या हिशेबाने भरायला लागलं, असं होऊ शकतं.

मी भाड्याच्या दाव्यांत दोन्ही बाजूंनी उभा राहतो, म्हणून मालक आत काय बोलतात हे मला ठाऊक आहे. गल्लीतल्या जुन्या जागेचा वारस माझ्यासमोर बसला की त्याचा पहिला प्रश्न भाड्याचा नसतो. “वकीलसाहेब, हा माणूस निघंल काय ओ कधी?” हा असतो. १९६१ च्या कायद्याच्या काळात चाळीस-पन्नास रुपयांवर दुकानं अडकलेली त्यांनी बापाच्या हयातीत बघितलेली असतात. कायदा बदलला तरी ती भीती घराघरांत आहे. पुण्यात राहणाऱ्या मुलाला ती जास्तच. २२,००० हा आकडा बऱ्याचदा ‘मला तुझी खात्री वाटत नाही’ असं म्हणण्याचीच एक पद्धत असते.

म्हणून तुमच्याकडे विकायला जी सगळ्यात महाग वस्तू आहे ती म्हणजे ठरलेल्या तारखेला जागा परत मिळण्याची खात्री. ती लेखी द्या आणि तिच्या बदल्यात भाडं आणि वर्षं मागा. उलट “कोर्टात जावा, बघू कसं काढताय” असं रागात एकदा तोंडातून गेलं की त्यांची भीती खरी ठरते, आणि त्यानंतर तुम्ही १९,००० देऊ केले तरी ते नोटीसच काढतात. मालकांना मीही अशा वेळी नोटीस काढायलाच सांगतो.

अर्थात ही खात्री द्यायची ती खरोखर पाळायची असेल तरच. तीन वर्षांनी निघायची तयारी नसेल तर हा मार्ग धरू नका, सरळ भाव द्या.

बोलणीच्या आधी समोर बसणारा माणूस बोलायला अधिकारी आहे का, ते बघा. इथे लोक फार गाफील असतात. वडील गेले, थोरला बोलतोय, पण सिटी सर्वेच्या उताऱ्यावर नाव कुणाचं? वारसा लागलाय का? धाकटा भाऊ आणि बहीण आहेत का? बेळगावातल्या जुन्या घरांपैकी कितीतरी घरांत वाटणीचा दावा चालू असतो किंवा व्हायचा असतो. थोरल्याशी तीन वर्षांचं ठरवून तुम्ही दोन लाखांचं फर्निचर घातलं आणि सहा महिन्यांनी धाकटा उभा राहिला, “मी सही केलेली नाही”, तर तुम्ही दोघांच्या मधे सापडता. उतारा काढा, महापालिकेच्या ई-खात्यावर, म्हणजे मिळकतीच्या ऑनलाइन नोंदीत, नावं कोणाची आहेत बघा, आणि नोंदणी खात्याच्या कावेरी पोर्टलवरून जागेची ईसी, म्हणजे बोजा दाखवणारा दाखला, काढा. ईसीत बँकेचा बोजा नोंदलेला असेल तर तो दिसतो. बोजा असणं वाईट नाही, पण कर्ज थकलं आणि बँक ताबा घ्यायला आली तर साध्या बॉण्डवरच्या भाडेकरूची बाजू लंगडी पडते. सगळ्या वारसांच्या सह्या किंवा थोरल्याच्या नावे मुखत्यारपत्र, यातलं एक मागा. हे मागताना संशयाचा सूर नको. “दादा, उद्या तुम्हालाच त्रास नको म्हणून” असं म्हटलं की सहसा कुणी वाईट मानत नाही.

आता हिशेब. गल्लीत ‘काय भाव चाललाय’ असं विचारून उपयोग नाही, कारण लोक मागितलेला आकडा सांगतात, ठरलेला सांगत नाहीत. गेल्या वर्षभरात ज्यांनी खरोखर नवा बॉण्ड केला अशी तीन-चार दुकानं शोधा. त्यांचं भाडं, तोंडाची रुंदी, डिपॉझिट लिहून काढा. चौरस फुटापेक्षा रस्त्याकडचं तोंड जास्त पैसे खातं. बारा फूट तोंडाचं दुकान आणि आठ फूट तोंडाचं खोल दुकान यांचा भाव एक धरू नका. पायऱ्या चढून जायचं दुकान वेगळं, बोळातलं वेगळं.

समजा, या चौकशीतून १९,००० हा खरा भाव निघाला. तुम्ही १७,००० देऊ करता. नवा भाडेकरू आणला तर मालकाला महिन्याला २,००० जास्त मिळतील. पण जागा दोन महिने रिकामी राहिली तर तुमच्याकडून त्याला मिळणारे ३४,००० बुडाले, वर एजंटाला एका महिन्याचं भाडं म्हणजे १९,०००. हे ५३,००० रुपये २,००० च्या फरकातून भरून निघायला साडेसव्वीस महिने लागतात. रंग, वायरिंग, शटर धरलंच नाही. हा कागद तुमच्या खिशात असला पाहिजे. आणि दोन महिने हा आकडा मी हात राखून धरलाय. आपल्याकडे नवं दुकान थाटायचं ते दसऱ्याला, नाहीतर पाडव्याला, अक्षय्य तृतीयेला. पितृपक्षात, आषाढात, पौषात शटरची पूजा कोण घालतो? कापडवाल्यांना तर दिवाळीचा गल्ला हवा असतो, म्हणून ते जागा दिवाळीच्या आधी धरतात. दिवाळीनंतर रिकामं झालेलं तुमचं दुकान गुढीपाडव्यापर्यंत तसंच राहण्याचा संभव मालकाने विचारात घेतलेला नसेल. पुण्यात बसून हे सुचत नाही.

तसाच दुसरा कागद तुमच्या बाजूचा करा, आणि तो प्रामाणिकपणे करा. हललात तर काउंटर, काचा, बोर्ड, ट्रेड लायसन्सवरचा पत्ता, जीएसटी नोंदणीतला बदल, आणि पत्ता चुकलेली गिऱ्हाइकं. साड्यांच्या धंद्यात लग्नाचा बस्ता वडिलांच्या ओळखीवर येतो, तो जागेशी बांधलेला असतो. हे सगळं मिळून दीड लाख होत असतील तर २२,००० चा आकडासुद्धा तुम्हाला पहिल्या वर्षी हलण्यापेक्षा स्वस्त पडतो, कारण वरचे ८,००० वर्षाला ९६,००० होतात. हा आकडा मालकाला सांगायचा नाही. पण तो डोक्यात नसेल तर माणूस हजार रुपयांच्या तिढ्यावरून चांगली जागा सोडून बसतो.

आणखी एक आकडा जवळ ठेवा. १४,००० ला तीन वर्षं दर साल पाच टक्के वाढ लावली असती तर आज १६,२०० च्या घरात भाडं असतं. वाढ थकलीय, हे तुम्हीच आधी मान्य करा. मालकाच्या तोंडून ते ऐकायची वेळ आणू नका.

प्रत्यक्ष बोलणं दुकानात करू नका, गिऱ्हाईक आलं की तुटतं. घरी बोलवा. चहा-कुंदा होऊ दे. वडिलांची आठवण काढा, ती खोटी नसणारच. मग स्वतः आकडा सांगायच्या आधी विचारा, “दादा, जागेचं पुढं काय मनात आहे?” आणि गप्प बसा. इथे पाचांपैकी एखादं उत्तर येतं: विकायचंय, मुलाला काढून द्यायचंय, बांधायचंय, भावाभावांत ठरलेलं नाही, किंवा काहीच नाही, फक्त पैसे हवेत. प्रत्येक उत्तराला तुमची मागणी वेगळी होते. विकायचं असेल तर गिऱ्हाईक आल्यावर तुम्हाला किती महिने मिळतील हे भाड्यापेक्षा महत्त्वाचं. बांधायचं असेल तर नव्या इमारतीत गाळा कुठला, हे आत्ताच लिहून घ्या. फक्त पैसे हवे असतील तर मग हिशेबाचा कागद काढा.

माझ्या एका पक्षकाराचं बोलणं मी बाजूला बसून ऐकलं होतं. वडगावचा, बेकरीवाला. मालकीणबाई वयस्कर, कन्नड बोलणाऱ्या, हा मोडक्या कन्नडात नमस्कार करून मराठीवर आला आणि त्याही मराठीवर आल्या. भाड्यावर अर्धा तास घासाघीस झाली, हलेनात. मग त्याने विचारलं, “अक्का, तुम्हाला माझी काय भीती वाटत्या?” बाई म्हणाल्या, “माझ्या माघारी पोरांना जागा मिळायची न्हाई.” त्याने तिथेच सांगितलं की तारीख घाला, रजिस्टर करू, त्या तारखेला निघालो नाही तर दुप्पट भाडं लावा. भाडं नंतर दहा मिनिटांत ठरलं.

यावरून एक सांगतो. सीमाप्रश्न १९५६ पासून चालू आहे, तो भाड्याच्या बैठकीत सुटणार नाही. मालक कन्नडिग असो, मारवाडी असो, आपलाच असो, त्याला भाडं वेळेवर आणि जागा परत हवी असते. बोर्डाचंही तसंच. कर्नाटकात पाटीवर ६० टक्के कन्नड हवं हा नियम २०२४ च्या दुरुस्तीने कायद्यात आला, पाटी बदलायचा खर्च भाडेकरूचा. मालकाशी फक्त बोर्डाला जागा किती आणि कुठे, एवढं ठरवा.

वाढीच्या टक्क्यावर मात्र नीट लक्ष द्या, कारण तिथे लोक सहज हो म्हणतात. “बरं, १७ द्या, पण दर करारी दहा टक्के.” ऐकायला सोपं. करार अकरा महिन्यांचा असतो, म्हणजे वाढ वर्षाच्या आधीच येते. १७,००० चे १८,७०० होतात, मग २०,५७०, मग २२,६२७. तिसऱ्या नूतनीकरणाला तुम्ही त्यांच्या आजच्या मागणीच्या वर पोचता. पाच टक्के आणि पूर्ण बारा महिन्यांनी, एवढं धरून बसा. त्यासाठी सुरुवातीला पाचशे रुपये जास्त द्यावे लागले तरी चालतील.

डिपॉझिट वाढवून मागितलं तर लगेच नाही म्हणू नका. लाखभर रुपये सात टक्क्यांनी वर्षाला सात हजार, म्हणजे महिन्याला सहाशेच्या आत. त्या बदल्यात भाडं हजाराने उतरत असेल तर फायदा तुमचाच. पण ईसीवर बोजा दिसला असेल तर हे करू नका.

जीएसटीचं विचारून ठेवा. मालक नोंदणीकृत असतील तर भाड्यावर १८ टक्के येतात, ठरलेला आकडा त्यासह की त्याशिवाय हे बोलूनच ठरतं. मालक नोंदणीकृत नसतील आणि तुम्ही असाल, तर १० ऑक्टोबर २०२४ पासून तो कर रिव्हर्स चार्जने तुम्हाला भरावा लागतो. कंपोझिशनमध्ये, म्हणजे छोट्या व्यापाऱ्यांच्या जीएसटी योजनेत, असाल तर त्यातून सुटका आहे. तुमच्या सीएला एक फोन करा.

कागदाबद्दल. तीन वर्षांचं ठरलं आणि शंभर-दोनशेच्या बॉण्डवर लिहून नोटरी केली, तर त्या तीन वर्षांना काही अर्थ नाही. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदवावाच लागतो, नाहीतर कोर्टात तुम्ही पुन्हा महिनेवारी भाडेकरू ठरता, १५ दिवसांच्या नोटिशीवर. सब-रजिस्ट्रारकडचा खर्च आधी काढून घ्या आणि अर्धा-अर्धा मागा. बॉण्ड रायटरकडे छापील मजकूर कन्नडात असतो. वाचता येत नसेल तर ओळखीच्या माणसाकडून ओळन् ओळ वाचून घ्या, सही मराठीत केली तरी चालते. तीन गोष्टी त्यात आहेत का बघा: डिपॉझिट किल्ली देण्याच्याच दिवशी परत, पोटमाळा, काचा, एसी हे तुम्ही केलेलं आणि जाताना नेता येईल अशी यादी, गळती आणि भिंत मालकाकडे, आतला रंग आणि दिवे तुमच्याकडे. पोटमाळ्यावरून भांडणं फार होतात. मालकाच्या लेखी परवानगीशिवाय पक्कं बांधकाम केलंत तर तेच तुमच्यावर उलटतं.

या मधल्या काळात भाडं एक दिवस चुकू देऊ नका. रोख देत असाल तर बंद करा, बँकेतून किंवा यूपीआयने द्या आणि शेऱ्यात महिना लिहा. मालकाने घ्यायचं नाकारलं तर स्पीड पोस्टाने पत्र पाठवून खाते क्रमांक मागा आणि पोचपावती ठेवा. थकबाकीदार भाडेकरूशी कुणी वाटाघाट करत नाही.

मालक आल्यावर तोंडी जे ठरेल ते त्याच रात्री व्हॉट्सॲपवर टाका, लांबण न लावता: “दादा, आज ठरल्याप्रमाणे १ तारखेपासून भाडं १७,०००, दर बारा महिन्यांनी पाच टक्के, मुदत तीन वर्षं, करार नोंदणीकृत, खर्च निम्मा निम्मा. बाकीच्या वारसांच्या सह्या तुम्ही घेणार. बरोबर आहे ना?” त्यांचं ‘हो’ येईपर्यंत जुनंच भाडं भरत राहा, आणि रायटरकडे नवा मजकूर टाइप करायला टाका.